शाळेत फवारे, गावात राख

"शाळेत फवारे, गावात राख."

विदर्भातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर कुणीतरी दोन फोटो एकाखाली एक जोडले आणि वर हे चार शब्द लिहिले. वरच्या फोटोत तालुक्याच्या शाळेचं मैदान, नगरपरिषदेचा लाल बंब, हवेत उडालेलं पाणी आणि त्याखाली चिंब झालेली पोरं. खालच्या फोटोत आमच्या शेजारच्या गावातलं एक घर. म्हणजे घराच्या उरलेल्या तीन भिंती आणि मधे काळा ढीग. तो कापूस होता. भाव चढेल म्हणून एप्रिलपर्यंत घरात ठेवलेला, आढ्याला टेकलेला. ज्या घरात असा कापूस असतो तिथली पोरं खाजवून बेजार होतात आणि घरची सगळी माणसं अंगणात बाजा टाकून निजतात. अंगणात होती म्हणूनच ती वाचली.

दोन फोटोंमध्ये तीन दिवसांचं अंतर. शाळेतला कार्यक्रम अग्निशमन सेवा सप्ताहातला, आग त्याच सप्ताहातल्या एका रात्रीची. बंब ३८ किलोमीटरवरून सव्वा तासाने आला. दहा मिनिटांत त्याचं पाणी संपलं. आता पाणी कुठून भरायचं, असं चालक विचारत होता तेवढ्यात चार-पाच जणांनी त्याला खाली ओढलं आणि समोरची काच फोडली. त्याचाही व्हिडिओ फिरतो आहे. मी तो निम्म्यात बंद केला.

मग ग्रुपवर व्हायचं ते झालं. पुण्या-नागपुरात नोकरी करणाऱ्यांनी लिहिलं, आपल्या लोकांना अक्कल नाही, मदतीला आलेली गाडी फोडतात. गावात राहणाऱ्यांनी लिहिलं, ही प्रात्यक्षिकाची नाटकं बंद करा आणि त्या पैशाचं डिझेल टाका. दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर एकमत होतं : शाळेतला तो फवारा म्हणजे रिकामा उद्योग. मी रात्री जेवणं उरकून बसले, मोठं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी एकच ओळ टाकली. "तो फवारा बंद करू नका, तेच त्यांचं अर्धं काम आहे."

दादाचं, माझ्या चुलतभावाचं, उत्तर पाच मिनिटांत आलं. "बाई, तुले तिकडून काय दिसते?"

मला काय दिसतं ते सांगते.

मी राहते ते घर वी वॉ गावापासून २६ किलोमीटरवर आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचा हा उत्तरेकडचा भाग, चहूकडे कापूस. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकले तो कापूस आणि हा कापूस यांत झाडाचं नाव सोडून फारसं काही सारखं नाही, पण पेटतो मात्र अगदी सारखा. सध्या पिकिंग चालू आहे. परवा दुपारी आमच्या पलीकडच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे वावरात, पिकरला, कापूस वेचायच्या यंत्राला, आग लागली. यूएचएफ रेडिओवर आवाज आला आणि बारा मिनिटांत तीन यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाड्या, तिथे होते, प्रत्येकाच्या मागे स्लिप-ऑन, म्हणजे पाण्याची टाकी आणि पंप. कॅट वन, म्हणजे मोठी बंबगाडी, त्यानंतर आली. पिकर गेला, पण उभा कापूस वाचला आणि कडेला ओळीने पडलेली पिवळी मॉड्यूल, म्हणजे दाबलेल्या कापसाचे गठ्ठे, वाचली. त्या तीन यूटपैकी एक माझा होता.

आता दादा म्हणेल, तुमच्याकडे यूट आहेत, पैसा आहे, आमच्याकडे काय आहे? ते उत्तर मला पाठ आहे. पण त्या बारा मिनिटांत पैशाने जे केलं त्यापेक्षा जास्त ओळखीने केलं. कोणत्या फाटकाला कुलूप असतं, कालव्यावरचा कोणता पूल जड गाडी पेलत नाही, पंप कुठे आहे, डिझेलची टाकी कुठे आहे, हे तिघांपैकी एकालाही विचारावं लागलं नाही. सप्टेंबरातच माहीत झालं होतं.

सप्टेंबरात इथे गेट रेडी वीकेंड असतो. रूरल फायर सर्व्हिसची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण अग्निशमन सेवेची, शेड उघडी ठेवतात. बाहेर सॉसेज सिझल, पोरांना ट्रकमध्ये बसायला मिळतं, हेल्मेट घालायला मिळतं, नळी धरून पाणी उडवायला मिळतं. होय, तोच फवारा. ग्रुपवर टाकलेल्या फोटोतल्यासारखाच, आणि पोरंही तशीच चिंब. पण पोरं पाण्यात असतात तेव्हा आमचा कॅप्टन त्यांच्या आईबापांपाशी उभा असतो आणि त्याच्या हातात नकाशा असतो. तो सांगतो कमी, विचारतो जास्त. या वर्षी शेततळ्यात पाणी किती? घराच्या कोणत्या बाजूला गवत वाढलंय? म्हातारे वडील अजून त्या मागच्या खोलीत झोपतात का? ज्यांच्याकडे टाकी किंवा तळं आहे त्यांच्या फाटकाशी एसडब्ल्यूएसची (स्टॅटिक वॉटर सप्लाय, म्हणजे साठवलेलं पाणी) छोटी पाटी लागते, म्हणजे अंधारात आलेल्या परक्या गाडीलाही कळतं की आत पाणी आहे. डिसेंबरात तोच ट्रक सांताला घेऊन गोळ्या वाटत फिरतो. त्यावर इथे कुणी लिहीत नाही की फायर सर्व्हिसला दुसरी कामं नाहीत का. कारण फिरताना ते रस्ते बघत असतात.

हा कॅप्टन पगारी नाही. एरवी तो बोअरचे पंप दुरुस्त करतो. ब्रिगेडच्या, म्हणजे इथल्या अग्निशमन तुकडीच्या, सभासदांनी मतं देऊन त्याला निवडलाय. या राज्यात असे ७० हजारांवर स्वयंसेवक आहेत आणि त्यांची सुरुवात १८९६ साली बेरिगन नावाच्या एका आडगावात झाली. ते गाव काही सिडनीच्या शेजारी नाही. आपल्या एखाद्या आडतालुक्यासारखंच लांब, धुळीचं गाव. शेतकऱ्यांनी ठरवलं की शहरातून कुणी येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

म्हणून त्या चार शब्दांचा मला इतका राग आला. आता त्या रात्रीकडे येते, कारण ग्रुपवरच्या शे-दीडशे मेसेजमधून मी ती रात्र जोडून पाहिली आहे.

आग दिसली तेव्हा पहिला फोन सरपंचाला गेला. सरपंच लग्नाला यवतमाळला. त्याने पोलीस पाटलाला लावला. पोलीस पाटलाने ठाण्याला. ठाण्यातून सांगितलं, नगरपरिषदेला सांगा. मग कुणाचा तरी भाचा नगरपरिषदेत आहे त्याचा नंबर शोधला. यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. १०१ कुणीही फिरवला नाही, ११२ कुणालाही सुचला नाही. बंब निघाला तेव्हा राज्यमार्गाचं काम चालू म्हणून रस्ता खोदलेला. गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं की नाल्याकडून वळलं तर निघता येतं. चालकाला ठाऊक नव्हतं. गावात आल्यावर साडेचार हजार लिटरची टाकी. एका नळीने मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर पाणी जातं, म्हणजे हिशेब दहा मिनिटांचाच. आणि कापसावर वरून पाणी मारून आग विझत नाही. ती आत धुमसत राहते. ढीग फोडून, पसरून, थर थर भिजवावा लागतो. त्यासाठी फावडी घेऊन माणसं हवीत. माणसं होती, दोनशे तरी होती. त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं की तुम्ही हे करायचं. तीनशे पावलांवर विहीर होती. तिच्यावर मोटर होती. पण शेतीच्या फिडरची पाळी दिवसाची, रात्री लाइन नाही. एक डिझेल इंजिन होतं, ते कुणाच्या गोठ्यात आहे हे दुसऱ्या दिवशी आठवलं.

सांगा, यात डिझेल कुठे कमी पडलं?

या एका एका गोष्टीची ओळख करून घ्यायला आणि करून द्यायला तासभर लागतो. बंब एकदा दिवसा, शांतपणे, आग नसताना गावात आला असता तर रस्ता कळला असता, विहीर कळली असती, इंजिनाचा मालक कळला असता. आणि चालकाचं नाव कळलं असतं. ज्याचं नाव ठाऊक आहे, ज्याने आपल्या पोराच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं होतं, त्याला कुणी गाडीतून ओढून काढत नाही. शाळेत फवारा उडवला हे चुकलं नाही. तो तालुक्याच्या शाळेपुरताच उडवला आणि पोरांना घरी पाठवून दिलं, एवढंच चुकलं. त्याच पोरांच्या बापांशी बोलायचं राहिलं.

ग्रुपवर एकाने विचारलं होतं, हा सप्ताह तरी कशासाठी. तर १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज पेटलं. त्यात स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठी होत्या. आग धुमसली ती कापसात. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान स्फोटात गेले. १४ ते २० एप्रिल हा सप्ताह त्यांच्यासाठी आहे. कापूस पिकवणाऱ्या गावाने त्या सप्ताहाची चेष्टा करावी याचं मला वाईट वाटतं. त्या ६६ जणांत आणि त्या रात्रीच्या चालकात मला फरक दिसत नाही. दोघेही दुसऱ्याचा कापूस विझवायला गेले होते.

आणि काच फोडणाऱ्यांबद्दल मी गप्प बसणार नाही, दादाला कितीही लागलं तरी. त्यांनी रागात फोडली हे मला समजतं. पण नगरपरिषदेचा तो माणूस आपल्या हद्दीबाहेर ३८ किलोमीटर आला होता. हे ग्रुपवर कुणालाच माहीत दिसत नाही म्हणून सांगते : आपल्या राज्यघटनेत अग्निशमन हा विषय बाराव्या अनुसूचीत आहे, सातव्या क्रमांकावर. ती अनुसूची नगरपालिकांची. पंचायतींची अकरावी, तिच्यात २९ विषय आहेत. चारा आणि जळण त्यात आहेत. ते पेटलं तर विझवणं त्यात नाही. म्हणजे गावातली आग कागदावर नक्की कुणाची, याचं उत्तर त्या २९ विषयांत सापडत नाही. असं असताना जो येतो त्याची काच आपण फोडतो. इथे असं कुणी केलं तर त्याला पुढच्या वेळी शेजारी हाक देणार नाहीत. हे मी तोऱ्याने म्हणत असेन तर असेन.

नागपुरात १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. देशभरातले अधिकारी तिथे शिकायला येतात. आपण त्या शहरापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर राहणारी माणसं, आणि माझ्या लहानपणी आमच्या गावात एकाही माणसाला आगीबद्दल कुणी काही शिकवलेलं मला आठवत नाही. ९ जानेवारी २०२१ ला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली, त्यानंतर फायर ऑडिट हा शब्द खेड्यापर्यंत पोचला. पण दवाखान्यापुरता. आढ्यापर्यंत कापूस भरलेल्या, त्यावरून उघडी वायर गेलेल्या घराकडे त्या शब्दाने पाहिलं नाही.

हे सगळं परदेशी आहे असं कृपा करून म्हणू नका. माझी मावशी गडचिरोलीकडे असते. मोहफूल वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायची तिकडे रीत आहे आणि वणवे त्यातूनच लागतात. तिच्या गावात वनरक्षक फेब्रुवारीतच घरोघर सांगत फिरतो, पाला जाळू नका, झाडून घ्या. जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढायला गावचीच माणसं असतात. जंगल पेटलं तर उपग्रहावरून वनखात्याच्या मोबाइलवर निरोप येतो. मावशीला त्या वनरक्षकाचं नाव, गाव, त्याच्या लेकरांची नावं, सगळं ठाऊक आहे. हे विदर्भातच चाललंय. जंगलासाठी चालतं, मग वावरासाठी का नाही?

अवजारंही आहेत. वरूड-मोर्शीकडे संत्र्यावर फवारायला एचटीपी, म्हणजे जोराने फवारणारा, पंप आणि ट्रॅक्टरमागची पाचशे लिटरची टाकी किती घरी आहे ते मोजा. माझ्या यूटवरचा स्लिप-ऑन म्हणजे दुसरं काय आहे? टाकी, पंप, नळी. बंब येईस्तोवरचा पाऊण तास अशा तीन टाक्यांनी धरून ठेवता येतो, विशेषतः कुटाराच्या (भुश्शाच्या) नाहीतर पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ढिगाला लागलेली असेल तर. मात्र औषधाची टाकी आधी विसळलेली हवी, हे मी शेतीवाली म्हणून सांगते. आणि माणसं जमत नाहीत असंही नाही. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या गुरुकुंजापासून गावोगाव सामुदायिक प्रार्थना आणि श्रमदान गेलंय ते आपल्याच भागात. पाणी फाउंडेशनची स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यांत वरूड होता. भर उन्हात लोकांनी चर खोदले. तीच माणसं, त्याच कुदळी. अग्निशमनवाल्याने एकदा येऊन त्यांच्याशी बोलायला हवं.

इथपर्यंत मी दादाला सगळं लिहून पाठवलं होतं. मुद्दे माझ्याकडे भरपूर होते. खरी गोष्ट मात्र पाठवली नव्हती, ती आता लिहिते.

१९९७ साली मी सातवीत होते. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला होता. बाबांनी आणि काकांनी कडबा घाईघाईने उचलून गोठ्याच्या माळ्यावर आणि मागे गंजी करून रचला. महिन्याने एका रात्री गोठा पेटला. मला आईचं ओरडणं आठवतं, "आगी लागली वो, आगी!" आणि त्यानंतर बायकांची रांग आठवते. विहिरीपासून गोठ्यापर्यंत गुंड, म्हणजे पाण्याची भांडी, आणि बादल्या हातोहात येत होत्या. ती विहीर आमची नव्हती, आमची लांब होती. ती होती धुऱ्यापलीकडच्यांची, म्हणजे शेताच्या बांधापलीकडच्या शेजाऱ्यांची. त्यांच्याशी आमचा धुऱ्यावरून वाद होता, मोजणी आणली होती, तरी मिटला नव्हता. त्यांची बायको सगळ्यांत आधी आली. तिचाच दोर, तिचाच गुंड. एक बैल वाचला, एक गेला. बंबाला कुणी बोलावलं नाही. बोलावता येतो हेच ठाऊक नव्हतं.

सकाळी तलाठी आला, पंचनामा झाला. कारण : अज्ञात. त्या एका शब्दात आमचं घर पुढे अठरा वर्षं राहिलं. बाबांना खात्री होती की आग लावली. आमच्या भागात गंजी पेटली की पहिला प्रश्न 'कशी' असा नसतो, 'कुणी' असा असतो. आणि बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. धुऱ्यापलीकडचा. बायको आधी आली कारण तिला आधीच माहीत होतं, असंही म्हणून झालं. बोलणं बंद, लग्नाकार्याला बोलावणं बंद, पोळ्याला त्यांच्या दारावरून बैल नेणं बंद. २०१५ साली बाबा गेले तेव्हा तो माणूस आमच्या अंगणाच्या बाहेर उभा होता. आत कुणी या म्हटलं नाही. मी इथून पोचले होते, मीही म्हटलं नाही.

ब्रिगेडमध्ये मी चार वर्षांपूर्वी नाव दिलं. त्याआधी सात वर्षं गेट रेडीला जात होते, मुलाला ट्रकमध्ये बसवत होते, कागदी ताटलीत सॉसेज-कांदा घेत होते आणि बाजूला उभी राहत होते. मला वाटायचं, हे यांचं आहे. मग एका वर्षी तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या हातात रेडिओ ठेवला आणि म्हणाली, तू नीट बोलतेस, हे तू सांभाळ. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा रात्रीच्या आगीवर गेले. अंधारात, धुरात, रेडिओवर कुणीतरी माझं नाव घेतलं, थोडं चुकीचं, पण माझं. इतकी वर्षं कर भरला, नागरिकत्व घेतलं, तेव्हा जे वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं.

आणि त्याच हिवाळ्यात शेडमध्ये मंगळवारच्या वर्गात कॅप्टनने फळ्यावर गवताची गंजी काढली. ओलसर चारा दाबून रचला की आत ऊब धरतो. जिवाणू आधी वाढवतात ती ऊब, मग ती स्वतःच वाढत जाते, आठवडे जातात, आणि एक दिवस आतून पेट घेते. कुणीही काडी लावायला लागत नाही. रचल्यावर गंजीत लोखंडी कांब खुपसून ठेवा, रोज ओढून हात लावून बघा, हाताला सोसेना तर गंजी मोकळी करायला घ्या, पण एकट्याने नाही, पाणी जवळ ठेवून, कारण हवा लागली की ती भडकते. सगळे वहीत लिहून घेत होते. मी उठून बाहेर गेले. कॅप्टनला वाटलं माझं पोट दुखतंय.

कदाचित कुणी लावलीही असेल. मला ठाऊक नाही, आता कुणालाच ठाऊक होणार नाही. पण ओला कडबा, माळ्यावर दाबलेला, एक महिना. १९९७ साली एखादा अग्निशमनवाला, शाळेत फवारा उडवून झाल्यावर, आमच्या पारावर येऊन हे दहा मिनिटं बोलला असता तर? किंवा आगीच्या दुसऱ्या दिवशी तलाठ्याबरोबर येऊन एवढंच म्हणाला असता की बाबूजी, हे असंही होतं?

बाबांना सांगायची वेळ निघून गेली होती. मी हे आईलाही सांगितलं नाही. फोनवर काय सांगायचं, की मंगळवारी मी एक गोष्ट शिकले? माझ्या माहेरी मी दिलेली मुलगी आहे आणि त्यात परदेशी गेलेली, म्हणजे दोनदा गेलेली. गावच्या ग्रुपवर माझा नंबर परदेशातला दिसतो आणि माझं काहीही बोलणं तिथे त्या नंबरासकट वाचलं जातं. मी ज्यांच्यासाठी धुरात जाते ते माझे लोक आहेत की नाहीत, हे मी विचारत नाही. त्यांच्या प्रत्येकाच्या फाटकाची किल्ली कुठे असते हे मात्र मला माहीत आहे. माझ्या गावात एप्रिलात कोणत्या विहिरीला पाणी असतं, हे मला माहीत नाही. दादाने विचारलं ते बरोबरच विचारलं. तिकडून मला काय दिसतं?

म्हणून परवा, पिकरची आग विझल्यावर, मी त्याला फोन केला आणि भांडले नाही. त्याला गंजीचं सांगितलं, लोखंडी कांबेचं, मंगळवारच्या वर्गाचं. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्या रात्री तोही होता, नववीत होता, मेलेला बैल ओढायला त्यानेच दोर लावला होता. मग म्हणाला, "हे तू आता सांगून रायली?"

मी म्हटलं, हो, आता. आणि म्हटलं, एक काम कर. गावातल्या विहिरी सांग. पाणी कुठे, मोटर कुठे, डिझेल इंजिन कुणाकडे. मी कागदावर नकाशा काढते, तू तो नगरपरिषदेत त्या चालकाला नेऊन दे. आधी काचेबद्दल माफी माग, आपलं गाव नव्हतं तरी माग. आणि त्याला म्हण, पुढच्या सप्ताहात शाळा झाली की आमच्या पारावर ये, चहा आमचा.

संध्याकाळपासून त्याचे आवाजी मेसेज यायला लागले. चालत चालत बोलत होता, मागे कुत्री, कुणाचा तरी ट्रॅक्टर. मारुतीमागची, पाणी आहे, मोटर जळालेली. शाळेजवळची, आटली. पाटलांची, पाणी भरपूर, इंजिन बापूंच्या गोठ्यात. नऊ विहिरी झाल्या. मी कागदावर एकेक मांडत गेले आणि आमच्या जुन्या गोठ्याच्या बाजूला जागा कोरी राहिली. मी लिहिलं, दादा, धुऱ्यापलीकडची राहिली.

निळ्या दोन खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही. इथे रात्र झाली, मी झोपले.

सकाळी उठले तर एक मेसेज होता, अकरा सेकंदांचा. रहाटाचा असतो तसा कुरकुर आवाज, एका म्हाताऱ्या बाईचं खोकणं, आणि मग दादा.

"पाणी हाय. मोटर बी हाय. म्या स्वतः जाऊन इचारलं. बुढी म्हणते, तुही बहीण कवा येते?"